लोखंड, पण निव्वळ लोखंड नव्हे: अमोनियाच्या उत्प्रेरकाची पार्श्वभूमी

नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार होण्याची प्रक्रिया पाठ्यपुस्तकात एका समीकरणात आटोपते आणि बाणावर 'लोखंड' एवढेच लिहिलेले असते. हा शब्द अपुरा आहे, आणि ज्या जर्मन रसायनज्ञाने, म्हणजे अल्विन मिटाशने, हा उत्प्रेरक (स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) शोधला त्याच्या कामाचे मर्म त्या अपुरेपणातच आहे.

1909 च्या जुलैमध्ये जर्मनीतील कार्ल्सरूए येथे फ्रित्स हाबरने केलेल्या अमोनियानिर्मितीच्या प्रात्यक्षिकात ऑस्मियम हा धातू उत्प्रेरक म्हणून वापरला होता. ते उत्तम चालत असे, पण इतके दुर्मीळ की त्यावर कारखाना उभा करणे अशक्य होते. युरेनियमही चालत असे, मात्र पाण्याच्या किंवा ऑक्सिजनच्या अंशानेही ते निकामी होई. लोखंडाचे नाव तर आधीच खराब झाले होते. 1900 मध्ये एका नामवंत शास्त्रज्ञाने लोखंडाच्या साहाय्याने अमोनिया मिळवल्याचा दावा केला होता. तो अमोनिया लोखंडातल्याच नायट्रोजनयुक्त अशुद्धीतून आल्याचे निघाले आणि दावा मागे घ्यावा लागला.

तरीही लुडविग्सहाफेन येथील बीएएसएफ या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत, जिथे मिटाश काम करत असे, लोखंड पुन्हा तपासले गेले. उच्च दाबाच्या छोट्या भट्ट्यांत जेमतेम दोन ग्रॅम पदार्थाची नळी सरकवायची, अमोनिया मोजायचा, नळी बदलायची, असे काम रात्रंदिवस चाले. नोव्हेंबर 1909 मध्ये स्वीडनमधील येलिव्हारे येथील मॅग्नेटाइट या लोहखनिजाचा एक नमुना अनपेक्षितपणे उत्तम ठरला, तर इतर बरेच लोहनमुने कुचकामी निघाले. फरक लोखंडात नसून त्यात मिसळलेल्या इतर द्रव्यांत असावा, हे मिटाशने ताडले आणि शुद्ध लोखंडात एकेक द्रव्य मोजून घालण्यास सुरुवात केली. 1912 च्या आरंभापर्यंत सुमारे 2,500 पदार्थांच्या 6,500 चाचण्या झाल्या होत्या.

येथे 'उत्प्रेरक' या शब्दाचा गुंता लक्षात घ्यावा लागतो. लोखंडात थोड्या प्रमाणात घातलेले ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) आणि पोटॅश (पोटॅशियमचे संयुग) ही द्रव्ये स्वतः अमोनिया घडवत नाहीत. कारखान्यात त्यांना 'प्रमोटर' म्हणतात. ॲल्युमिना लोखंडाचे बारीक कण उष्णतेने एकमेकांत मिसळू देत नाही आणि पोटॅशियममुळे नायट्रोजनचा रेणू लोहपृष्ठावर लवकर तुटतो. उलट गंधकाचा अंशही उत्प्रेरकाला विषासारखा बाधतो. म्हणून उत्प्रेरक हा एक पदार्थ नसून मिश्रण आहे, ही कल्पनाच मूळ शोध मानली पाहिजे. या प्रक्रियेशी निगडित नोबेल 1918 आणि 1931 मध्ये दिले गेले. त्यांत मिश्र उत्प्रेरकाच्या शोधकाचा समावेश नाही, ही उणीव फार मोठी आहे.

लुडविग्सहाफेनजवळच्या ओपाऊ येथील अमोनियाचा कारखाना 1913 मध्ये सुरू झाला. पुढे युद्धकाळात हाच अमोनिया स्फोटकांकडे आणि नंतर खतांकडे वळला. 1992 मध्ये कॅनडातील किटिमॅट येथे कार्बनवरील रुथेनियमचा उत्प्रेरक औद्योगिक वापरात आला आणि तो कमी दाबाला चालतो. तरी बहुतेक कारखान्यांत आजही मॅग्नेटाइटपासून केलेले, ॲल्युमिना व पोटॅशयुक्त लोखंडच भरले जाते, कारण ते स्वस्त आहे आणि एकदा भरले की अनेक वर्षे टिकते.