पित्ताच्या वाटेने वाहणारं रक्त

यकृताचा कर्करोग बहुधा आधीच सिरॉसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून घट्ट झालेल्या यकृतात होतो. असा रुग्ण रक्ताची उलटी घेऊन आला, की डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा येतात आणि बहुतेक वेळा तेच खरं असतं. पण क्वचित गाठ पित्तनलिकेत शिरते आणि तिथे रक्तस्राव होतो. ते रक्त पित्ताच्या वाटेने आतड्यात उतरतं. याला हिमोबिलिया म्हणतात.

ही वाट पहिल्यांदा नोंदवली ती फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने, 1654 साली. तलवारीच्या द्वंद्वात यकृताला जखम झालेल्या एका तरुण सरदाराचा मृत्यू त्याने वर्णिला. 1871 मध्ये जर्मनीच्या हाइनरिक क्विंकेने तीन खुणा सांगितल्या: उजव्या बरगडीखाली कळ, कावीळ आणि आतड्यातला रक्तस्राव. पुस्तकात हे त्रिकूट छान दिसतं, प्रत्यक्षात तिन्ही खुणा एकत्र थोड्याच रुग्णांत सापडतात. ‘हिमोबिलिया’ हा शब्द रुळवला स्वीडनच्या फिलिप सँडब्लोम या सर्जनने, 1948 मध्ये, तोही अपघाती जखमांबद्दल लिहिताना.

कर्करोगाच्या रुग्णात फसगत होते ती काविळीमुळे. यकृतच थकलंय, असं घरचे आणि कधी डॉक्टरही धरून चालतात. खरं तर रक्ताची गुठळी नलिकेत अडकून बसलेली असते, लांबट, नळीच्याच आकाराची. ती अडकली की पित्त तुंबतं, पोटात कळ उठते. ती सुटली की कळ थांबते आणि काळी, डांबरासारखी शौच होते. रुग्णाला ‘कळ कधी थांबली आणि शौच कधी काळी झाली’ हे विचारायलाच हवं, असं मला कळकळीने वाटतं.

तोंडावाटे पोटात सोडायची नेहमीची दुर्बीण समोर बघते. पित्तनलिकेचं तोंड मात्र लहान आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असतं, त्यामुळे तिथून ठिबकणारं रक्त सहज नजरेतून सुटतं. बाजूला बघणारी दुर्बीण आणि 1968 पासूनची ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढण्याची तपासणी) यांनी ही अडचण बरीच दूर केली. त्याआधी, 1953 मध्ये, स्वीडनच्या सेल्डिंगर या क्ष-किरणतज्ज्ञाने सुई, तार आणि नळी वापरून रक्तवाहिनीत शिरण्याची सोपी रीत दिली होती. पुढे सीटी स्कॅन आला.

निरोगी यकृताला बहुतांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, तर ही गाठ मुख्यतः यकृताच्या धमनीवर पोसते. म्हणून त्याच तारेच्या वाटेने धमनीच्या नेमक्या फांदीपर्यंत जाऊन ती फांदी आतून बंद करता येते आणि रक्तस्राव थांबवता येतो.