सायकलच्या हँडलची उंची व पल्ला

स्वाराच्या शरीराला मानवेल अशी बसण्याची स्थिती मिळावी म्हणून सायकलचे हँडल वर-खाली किंवा पुढे-मागे करून बसवण्याची क्रिया. सीटपासून हँडलच्या पकडीपर्यंतच्या आडव्या अंतराला येथे पल्ला म्हटले आहे. उंची मात्र जमिनीपासून न मोजता सीटच्या तुलनेत मोजली जाते, म्हणजे हँडल सीटच्या पातळीच्या किती वर किंवा किती खाली आहे एवढेच पाहिले जाते. स्वाराचा भार सीट, पेडल व हँडल या तीन ठिकाणी विभागलेला असतो आणि त्यांतला किती वाटा तळहातांवर येणार, हे प्रामुख्याने या दोन मापांवर ठरते.

हँडलला हात लावण्यापूर्वी सीट नीट बसलेली असली पाहिजे. सीटची उंची आणि तिचे पुढे-मागे असणे पायांच्या हालचालीवरून, म्हणजे गुडघा व पेडल यांच्या संबंधावरून ठरवायचे असते. हँडल लांब वाटते म्हणून सीट पुढे सरकवणे हा फार प्रचलित, पण चुकीचा उपाय आहे. त्याने हातांचे अंतर कमी होते खरे, पण पायांची जागा बिघडते आणि शरीराचा भार पुढे सरकल्यामुळे हातांवरचा दाब उलट वाढतो. सीटचे टोक खाली झुकलेले असल्यास स्वार सतत पुढे घसरतो व हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. अशा वेळी दोष हँडलला दिला जातो, पण तो असतो सीटच्या कलात.

पल्ला जास्त असला, की कोपरे ताठ होतात, खांदे पुढे ओढले जातात आणि रस्त्यावरचा प्रत्येक धक्का थेट मानेपर्यंत पोहोचतो. हँडल फार खाली असल्यास समोर पाहण्यासाठी मान सतत मागे वळवून धरावी लागते व मानेचे स्नायू अवघडतात. मनगट मागे मुडपून त्यावर दीर्घकाळ भार दिल्यास करंगळीकडचा मज्जातंतू दाबला जातो आणि करंगळी व अनामिका बधिर होतात. ही बधिरता वारंवार येत असेल, तर ती सवयीने जाईल असे मानून सायकल चालवत राहणे योग्य नाही. उलट हँडल फार उंच व फार जवळ असल्यास भार जवळजवळ सगळा सीटवर येतो, धक्के सरळ कण्यात जातात, वाऱ्याचा अडथळा वाढतो आणि तीव्र चढावर पुढचे चाक हलके पडते. म्हणून ‘जितके उंच तितके आरामदायक’ हा समज थोड्या अंतराच्या संथ फेरीपुरताच खरा आहे. कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल आणि मनगट सरळ ठेवून स्वाराला बराच वेळ बसता आले, तर हँडल योग्य जागी आहे असे समजावे.

हँडलवरून खाली पाहिल्यास पुढच्या चाकाचा आस हँडलआड लपला पाहिजे, किंवा सीटच्या टोकाला कोपर टेकवल्यावर बोटांची टोके हँडलला लागली पाहिजेत, असे काही ठोकताळे पूर्वापार सांगितले जातात. धडाची लांबी, पाठीची लवचीकता, फ्रेमचा कोन यांपैकी कशाचाही विचार त्यांत नसल्यामुळे त्यांच्यावर अंतिम निर्णय सोपवू नये.

पुढचे चाक धरणाऱ्या दुशाखी भागाला फोर्क, आणि हँडल व फोर्कची वर जाणारी नळी यांना जोडणाऱ्या भागाला स्टेम म्हणतात आणि बदल कसा करायचा हे स्टेमच्या प्रकारावर अवलंबून असते. जुन्या पद्धतीचा स्टेम फोर्कच्या नळीच्या आत उतरतो. वरचा लांब बोल्ट आवळला, की तळाशी असलेली पाचर नळीत घट्ट बसते. उंची बदलताना हा बोल्ट थोडे आटे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलकेच ठोकल्यास पाचर सुटते आणि स्टेम वर-खाली करता येतो. या स्टेमवर किमान खोली दाखवणारी रेघ कोरलेली असते. ती रेघ बाहेर दिसेपर्यंत स्टेम वर ओढणे धोक्याचे आहे, कारण मग पकडीला पुरेशी लांबी उरत नाही आणि चालत्या सायकलवर स्टेम निसटू किंवा मोडू शकतो. घाम व पाण्याने हा स्टेम नळीत गंजून चिकटतो, म्हणून पुन्हा बसवताना त्याला ग्रीस लावावे. या प्रकारात उंची सहज बदलते, पण पल्ला बदलायचा तर पूर्ण स्टेमच बदलावा लागतो.

1990 च्या दशकात रूढ होत गेलेल्या नव्या पद्धतीत फोर्कची नळी वर बाहेर येते, तिच्यावर स्टेम बाहेरून पकडतो आणि त्याच्या वर किंवा खाली कड्या घातलेल्या असतात. स्टेमखाली कड्या वाढवल्या की हँडल उंच होते. मात्र ही नळी मागे झुकलेली असते, त्यामुळे हँडल वर जाताना मागेही येते, आणि उंची व पल्ला सुटे सुटे बदलता येत नाहीत. नळीचा जमिनीशी कोन 73 अंश धरल्यास एकूण 30 मिमी उंचीच्या कड्या स्टेमच्या वरून खाली घातल्याने हँडल सुमारे 29 मिमी उंच होते आणि जवळजवळ 9 मिमी मागे येते. ज्याला केवळ उंची हवी आहे आणि पल्ला आहे तोच ठेवायचा आहे, त्याला म्हणून सुमारे 10 मिमी लांब स्टेम घ्यावा लागतो. स्टेम उलटा बसवण्याचा उपायही याच हिशोबाने चालतो : 6 अंश कलाचा 100 मिमी लांबीचा स्टेम खालच्या कलावरून वरच्या कलावर आणल्यास हँडल सुमारे 20 मिमी वर आणि 6 मिमी जवळ येते. नवा भाग विकत न घेता होणारा हा बदल सर्वांत आधी करून पाहावा. फोर्कची नळी एकदा कापली, की ती पुन्हा लांब होत नाही. म्हणून मनाजोगती उंची सापडेपर्यंत उरलेल्या कड्या स्टेमच्या वर ठेवाव्यात. कार्बन फायबरच्या नळीवर स्टेमखाली किती कड्या चालतील याला निर्मात्याने मर्यादा घातलेली असते.

लहान स्टेमने पल्ला कमी होतो, पण सायकल वळवण्याचा अनुभवही बदलतो. फार लहान स्टेमने पुढचे चाक अधिक चपळ व अस्थिर वाटू शकते. पल्ला 30–40 मिमीने कमी करावा लागत असेल, तर मुळात फ्रेमच मोठी आहे, हे मान्य करणे श्रेयस्कर. खाली वळलेल्या हँडलमध्ये हँडलचा स्वतःचा आकारही महत्त्वाचा असतो : पुढे कमी जाणारे हँडल 70–80 मिमी, तर जुन्या आकाराचे त्याहून बरेच अधिक पुढे जाते, म्हणून केवळ हँडल बदलूनही फरक पडतो. सरळ हँडलमध्ये मागे वळलेल्या किंवा वर उचललेल्या टोकांचे हँडल हेच काम करते.

नव्या पद्धतीच्या स्टेममध्ये माथ्यावरचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही. तो फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगची ढिलाई काढण्यापुरता असतो, आणि पकड देतात ते स्टेमचे बाजूचे बोल्ट. त्यामुळे आधी बाजूचे बोल्ट सैल ठेवून माथ्याचा बोल्ट ढिलाई जाईपर्यंतच आवळावा, मग हँडल चाकाशी काटकोनात आणून बाजूचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. नळीचे टोक स्टेमच्या किंवा वरच्या कडीच्या काठाखाली सुमारे 3 मिमी राहिले पाहिजे, नाहीतर ढिलाई निघतच नाही. आवळण्याचा जोर स्टेमवर न्यूटन-मीटरमध्ये छापलेला असतो, बऱ्याच स्टेमवर तो 5 च्या आसपास असतो, आणि कार्बनच्या भागांसाठी टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) वापरणे टाळू नये.

एका वेळी 5 ते 10 मिमीच बदल करावा आणि काही फेऱ्या झाल्यावरच पुढचा निर्णय घ्यावा, कारण स्नायूंना नव्या स्थितीशी जुळायला वेळ लागतो. प्रत्येक बदलानंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी, हाताला खडखड जाणवल्यास बेअरिंग ढिले आहे. पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे. ते सरकता कामा नये. हँडल वर गेल्यावर ब्रेक व गिअरच्या केबल अपुऱ्या पडू शकतात, म्हणून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना, हे पाहिल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणू नये.