पती, निर्माता, मॅनेजर : ज्युडी गार्लंड आणि सिड लफ्ट

सप्टेंबर 1950 मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने अभिनेत्री-गायिका ज्युडी गार्लंडचा करार संपवला, तेव्हा ती 28 वर्षांची होती. तेरा वर्षांची असल्यापासून तिचं सगळं स्टुडिओच ठरवत होता : चित्रपट कोणता, वजन किती, जेवायचं काय. दिवसभर काम रेटता यावं आणि रात्री झोप लागावी म्हणून गोळ्याही त्याच काळात सुरू झाल्या. नोकरी सुटली, गोळ्या सुटल्या नाहीत. करार, तारखा, हिशेब यांत तर तिने कधी लक्षच घातलं नव्हतं. स्टुडिओची ती जागा सिड लफ्टने घेतली.

लफ्ट आधी वैमानिक, मग स्वस्तातल्या एक-दोन चित्रपटांचा निर्माता आणि घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन. मॅनेजर म्हणून नाव घ्यावं असं त्याच्या खात्यावर काही नव्हतं. पण सेटवर उशिरा येणारी ही बाई समोर प्रेक्षक बसले की वेगळीच होते, हे त्याने अचूक हेरलं. 1951 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या पॅलेडियम थिएटरमधले तिचे कार्यक्रम गाजले. ऑक्टोबरपासून न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्ये ती सलग 19 आठवडे गायली. जून 1952 मध्ये दोघांनी लग्न केलं. तिचं हे तिसरं लग्न.

पुढची उडी मोठी होती. दोघांच्या घरच्या कंपनीने वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओशी करार केला आणि 1954 मध्ये, तिची मुख्य भूमिका असलेला, ‘अ स्टार इज बॉर्न’ आला. खर्च 50 लाख डॉलरच्या घरात. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण चित्रपट तीन तासांचा. दिवसाला जास्त खेळ बसावेत म्हणून वॉर्नरने प्रदर्शनानंतर जवळपास अर्धा तास कापला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर तिच्याऐवजी ग्रेस केलीला गेलं, नफा हाती आला नाही आणि त्या करारातले पुढचे चित्रपट निघालेच नाहीत.

घर चालवायला उरले फक्त कार्यक्रम. इथेच खरी गाठ बसली. बायको आजारी आहे हे नवऱ्याला दिसायचं, पण आजचा कार्यक्रम रद्द झाला तर देणी कशी भागवायची, हा मॅनेजरचा प्रश्न असायचा. माणूस एकच. 1956 आणि 1958 मध्ये तिने घटस्फोटासाठी अर्ज केले. दोन्ही वेळा समेट झाला. 1959 च्या अखेरीस यकृताच्या आजाराने ती रुग्णालयात गेली.

त्यानंतर तिची सूत्रं फ्रेडी फील्ड्स आणि डेव्हिड बेगेलमन या एजंटांकडे गेली. 23 एप्रिल 1961 चा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलचा कार्यक्रम, जो आजही तिची सर्वोत्तम रात्र मानला जातो, तो त्यांच्या काळातला. लफ्टला हे झोंबलं असणारच. बेगेलमन पैसे खातो असा त्याचा आरोप होता. नाराज नवऱ्याचं कोण ऐकणार? पण याच बेगेलमनचं बनावट चेकचं प्रकरण पुढे 1977 मध्ये कोलंबिया स्टुडिओत उघडकीला आलं, हेही नोंदवायला हवं.

सीबीएस वाहिनीवरचा तिचा टीव्ही कार्यक्रम रविवारी ‘बोनान्झा’ या दुसऱ्या वाहिनीवरच्या लोकप्रिय मालिकेच्या वेळेलाच लागायचा; 26 भागांत तो आटोपला. 1965 मध्ये घटस्फोट झाला. तिने मारहाणीचे आरोप केले, लफ्टने ते नाकारले.

तरी 1967 च्या उन्हाळ्यात ती पुन्हा पॅलेसमध्ये उभी राहिली, तेव्हा निर्माता लफ्टच होता, आणि लोर्ना व जोई ही दोघांची मुलंही तिच्यासोबत रंगमंचावर होती. कराची थकबाकी डोक्यावर असल्याने त्याच वर्षी ब्रेंटवूडचं घर तिला विकावं लागलं.