आपली तिसरी कुठं आहे?

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात भात कापून झालं की बांधाबांधानं पळायला वाट मोकळी होते. चाळिशी ओलांडलेल्या आम्ही काही बायका रविवारी पहाटे तिथं जमतो आणि राजहंसगडाच्या पायथ्याला वळसा घालून परत येतो. मागच्या हिवाळ्यात आसपासच्या गावांतल्या आमच्यासारख्याच तीन गटांना बोलावून शर्यत लावली. चार गट, प्रत्येकी तिघी, पाच किलोमीटर. पहिली आमची आली. दुसरीही आमचीच. टाळ्या झाल्या, कुणीतरी कुंद्याचा डबाही उघडला. मग तिसरी, चौथी, पाचवी अशा शेजारच्या गावच्या तिघी पाठोपाठ आल्या, आणि क्रमांक लिहून घेणारी आमची मैत्रीण बांधाकडं बघत म्हणाली, "आपली तिसरी कुठं आहे गे?"

आमची तिसरी अकरावी आली. १, २ आणि ११ मिळून १४. त्यांचे ३, ४ आणि ५ मिळून १२. पहिले दोन्ही क्रमांक घेऊन आम्ही हरलो होतो.

क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे शेतामातीतून पळायच्या, सांघिक शर्यतीत वेळ नाही, क्रमांक मोजतात. संघातल्या ठरावीक जणींचे क्रमांक मिळवायचे. बेरीज कमी, तो संघ वर. पहिली दोन सेकंदांनी जिंकली काय किंवा दोन मिनिटांनी, तिचा गुण एकच. मागच्या घोळक्यात मात्र बायका खांद्याला खांदा लावून पळत असतात, तिथं दहा सेकंदांत तीन क्रमांक इकडचे तिकडे होतात. आमच्या तिसरीनं, म्हणजे काकूंनी, आणखी दोघींना मागं टाकलं असतं तर बेरीज सारखी झाली असती. तरीही आम्ही हरलोच असतो, कारण बरोबरी झाली तर ज्या संघाची शेवटची मोजली जाणारी धावपटू पुढं, तो संघ जिंकतो, असा जागतिक नियम आहे. म्हणजे तिघींना टाकायला हवं होतं. त्या दिवसापासून मला या तिसरीच्या शरीराबद्दल लिहायचं होतं.

शहापुरात शिलाईकाम करणाऱ्या या काकू ५३ वर्षांच्या आहेत. पन्नाशीपर्यंत त्या बसपर्यंतसुद्धा कधी पळाल्या नव्हत्या. मास्टर्स म्हणजे प्रौढ गटाची जागतिक पातळीवरची सुरुवात ३५ व्या वर्षी होते आणि पुढं दर पाच वर्षांचा एक गट असतो. आमच्या बेळगावला पळणं नवं नाही. इथले फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले आणि २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९ वे आले. बायकांना मात्र ऑलिंपिक मॅरेथॉनसाठी त्यानंतर ६४ वर्षं, १९८४ पर्यंत थांबावं लागलं. १९२८ मध्ये त्यांना ८०० मीटरची शर्यत दिली होती, ती बायकांना झेपत नाही म्हणून लगेच काढून घेतली आणि १९६० मध्ये परत दिली. जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत बायकांची शर्यत १९७३ पासून आहे, पण पुरुषांइतकं अंतर, म्हणजे १० किलोमीटर, त्यांना २०१७ मध्ये कंपालात पहिल्यांदा मिळालं. काकूंच्या आईनं पळायचं मनात आणलं असतं तरी जगभरातले शहाणे लोक तिला नको म्हणाले असते.

काकू मागं पडल्या त्या चिखलात. आदल्या दिवशी अवकाळी सर येऊन गेली होती. येळ्ळूर-वडगावकडची माती काळी. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरतं, ती फुगते आणि बुटाला धरून बसते. जांबोटीकडची तांबडी जांभ्याची माती अशी फुगत नाही, पाणी खाली सोडते. एका बुटाचं वजन १०० ग्रॅमनं वाढलं की पळायला साधारण एक टक्का ऊर्जा जास्त लागते, असं प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. वजन कमरेला असतं तर इतका फरक पडला नसता; पायाच्या टोकाला असलं की प्रत्येक पावलाला ते झुलवावं लागतं. शर्यत संपल्यावर मी काकूंचे बूट हातात घेतले. टाचेखाली मुठीएवढा गोळा होता, त्यात भाताचं धसकट अडकलेलं. शिवाय मऊ जमिनीत पाय रुततो आणि ढकललेला जोर मातीत जिरतो. कोरड्या वाळूत पळायला घट्ट जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. आमचं शिवार वाळूइतकं वाईट नाही, पण जात तीच. म्हणून डांबरी रस्त्यावरची वेळ इथं कामाला येत नाही. पावलं लहान टाकणारी, बांधाच्या कडेनं गवत धरून जाणारी बाई इथं पुढं निघते.

आता काकूंचं हृदय. त्यांच्या मुलानं दिलेलं घड्याळ त्यांना सांगतं की तुमचे जास्तीत जास्त ठोके मिनिटाला १६७. हे २२० वजा वय या जुन्या सूत्रावरून. २००१ मधलं दुसरं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, १७१ सांगतं. बायकांच्याच मोजमापांवरून २०१० मध्ये मांडलेलं तिसरं, २०६ वजा वयाच्या ०.८८ पट, १५९ वर थांबतं. बाई एकच, आकडे तीन, आणि तिन्ही सरासरीचे. मी त्यांना म्हणते, घड्याळ राहू द्या, चढाला लागायच्या आधी शेजारणीशी अख्खं वाक्य बोलता येतंय का ते बघा. येत असेल तर दम शिल्लक आहे.

वयानं ठोक्यांची वरची मर्यादा खाली येतेच, ती कुणाला थांबवता येत नाही. पण एका ठोक्यात हृदय किती रक्त ढकलतं, ते सरावानं वाढतं. रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदयाचा डावा कप्पा जास्त भरतो. स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, रक्तातला प्राणवायू जास्त उचलला जातो. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात. बैठ्या माणसात तिशीनंतर तो दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी घटतो. उलट बाजूही ऐका. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६० ते ७१ वयाच्या बायका-पुरुषांना ९ ते १२ महिने सराव दिला, तेव्हा त्यांचा व्हीओटू मॅक्स सरासरी सुमारे २४ टक्क्यांनी वाढला. बायकांत आणि पुरुषांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आमची पहिली शाळेपासून पळते. तिच्यात आणखी एक टक्का काढायला वर्ष जातं. काकूंमध्ये अजून किती तरी शिल्लक आहे. संघाची बेरीज कमी करायची तर घाम गाळायची जागा तीच.

काकूंच्या जाऊबाई त्यांना सारखं बजावतात, "गुडघे जातील की ओ." गुडघ्यांची भीती आमच्याकडं घरोघरी आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौसेनं पळणाऱ्यांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात ३.५ टक्के लोकांना होता आणि न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के. अतिस्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांत तो १३.३ टक्के होता, हेही तितकंच खरं. आम्ही रविवारच्या बायका पहिल्या गटातल्या. सांध्याच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाबली-सुटली की तिच्यात पोषणाचा द्रव आत-बाहेर होतो. हाडांचं तर यापेक्षा महत्त्वाचं. पाळी थांबते त्या काळात इस्ट्रोजेन घटतं, आणि जुनं हाड खाणाऱ्या पेशी नवं हाड बांधणाऱ्या पेशींना मागं टाकतात. पुढची काही वर्षं हाड वेगानं विरळ होतं. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षीच थांबते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो, आणि हाड त्या जोराला उत्तर म्हणून स्वतःला बांधतं.

उतारावर मात्र जपावं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा आवळतो, त्यात त्याचे बारीक धागे फाटतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. एकदा हा त्रास सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच उताराला कमी दुखतो. म्हणून शर्यतीआधी पंधरा दिवस आम्ही गडाचा उतार एकदा मुद्दाम पळून घेतो.

दोन गोष्टी बायका डॉक्टरांकडंही लवकर बोलत नाहीत. उतारावर किंवा शिंकताना लघवीचे थेंब सुटणं ही पहिली. बाळंतपणानंतर आणि पाळी थांबताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, त्यानं हे होतं. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच रोज ठरवून आवळायचे-सोडायचे, काही महिन्यांत फरक पडतो. अमेरिकेतल्या अर्नॉल्ड केगेल या डॉक्टरांनी हा व्यायाम १९४८ मध्ये मांडला. आमच्यातल्या दोघी याच कारणानं वर्षभर घरी बसल्या होत्या, याचं मला आजही वाईट वाटतं. दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पाळी थांबायच्या आधीच्या वर्षांत अनेकींना अंगावरून जास्त जातं, लोह त्यातून निघून जातं, आणि प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिनच कमी पडतं. अशा बाईला पळताना लागणारी धाप आळसाची नसते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी उपचार, मग शर्यत. आणि भाकरीबरोबर चहा नको. चहातली द्रव्यं लोह शोषू देत नाहीत. तासाभरानं घ्यावा, भाकरीबरोबर लिंबू पिळावं.

काकूंचं पुढं काय झालं ते सांगते. १९२० च्या दशकात ओटो क्योलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बर्लिनच्या नौकानयन क्लबातल्या गड्यांना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्यानं, मग दोघांना एकच दांडा धरून. जोडीत एकानं सोडलं की दुसऱ्यालाही सोडावं लागे. तेव्हा जोडीतला कच्चा गडी एकटा असताना टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. फरक फार नसेल आणि फार थोडाही नसेल, तेव्हा हा परिणाम सगळ्यात चांगला दिसला. आम्ही काकूंना पहिलीबरोबर पळवत होतो, ती चूक होती. ती दोनशे पावलांत दिसेनाशी व्हायची. आता त्या दुसरीच्या मागं पळतात, आणि ती वळून म्हणते, "या की ओ काकू, दोघी राहिल्यात पुढं." काकू उत्तर देत नाहीत. श्वास वाचवतात.

मोठ्या शर्यतींत मोजल्या जाणाऱ्यांपेक्षा जास्त धावपटू उतरवतात. त्यांचा क्रमांक आपल्या बेरजेत धरत नाहीत, पण त्या समोरच्यांच्या तिसरीच्या पुढं आल्या तर तिला एकेक पायरी खाली ढकलतात. त्यासाठी आम्हाला चौथी हवी होती. गेल्या महिन्यापासून काकूंच्या त्याच जाऊबाई येऊ लागल्या आहेत. अजून चालणं जास्त, पळणं कमी. परवा बांधावरून घसरल्या, उठल्या, साडीवरची माती झटकली आणि विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता?"