‘शष्प कळतं’ म्हणजे काहीच कळत नाही, ते कसं?

ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरात गणिताचा पेपर देऊन आलेला मुलगा ‘शष्प कळलं नाही’ असं म्हणेल, नाहीतर नुसतंच ‘शष्प कळलं!’ म्हणेल. अर्थ एकच, काहीही कळलं नाही. वाक्यातला ‘नाही’ काढला तरी नकार जागचा हलत नाही, आणि बोलीतल्या या शब्दाची खरी गंमत तिथेच आहे.

संस्कृतात शष्प म्हणजे कोवळं, नुकतं उगवलेलं गवत. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात नंदिनी गाय हिमालयाच्या गुहेत शिरते, तिथे गंगेच्या प्रपाताशेजारी उगवलेलं आहे ते शष्प. मराठीत गवतावरून तो शब्द अंगावरच्या, त्यातही गुह्यभागाच्या केसांवर गेला आणि तिथून ‘अगदी क्षुल्लक वस्तू’ या अर्थाला आला. गवताची किंमत आधीपासूनच शून्य धरलेली होती. तुच्छ लेखण्याच्या वाक्यात ‘मानणे’ या क्रियापदाचं कर्म कोणत्या विभक्तीत ठेवावं यासाठी पाणिनीनं वेगळं सूत्र केलं (2.3.17). त्याचं ठरलेलं उदाहरण आहे ‘न त्वां तृणाय मन्ये’, म्हणजे तुला मी गवताची काडीही समजत नाही. मराठीतली ‘काडीची किंमत नाही’ त्याच कुळातली.

नुसता ‘नाही’ बोलणाऱ्याला पुरेसा जोरकस वाटत नाही. म्हणून तो सर्वांत लहान माप शोधतो आणि तेवढंही नाही असं सांगतो. मग प्रत्येक धंद्यातलं लहान माप कामाला येतं. सराफाची रती म्हणजे एक गुंज, सुमारे 0.12 ग्रॅम; अशा 8 गुंजांचा मासा आणि 12 माशांचा तोळा. कापडवाल्याचा तसू म्हणजे गजाचा 24 वा भाग. दमडी पैशाचा चौथा हिस्सा, म्हणजे जुन्या 64 पैशांच्या रुपयात 256 दमड्या. मापं व्यवहारातून गेली, पण ‘तसूभरही हलला नाही’ राहिलं. ज्यांनी गज कधी हातात धरला नाही तेही ते बिनचूक वापरतात.

पुढची पायरी म्हणजे माप नकाराच्या इतकं शेजारी राहतं की शेवटी नकार स्वतःच वाहू लागतं. फ्रेंचमधला ‘पा’ मूळचा ‘पाऊल’. ‘एक पाऊलही चालत नाही’ अशा वाक्यांतून तो नकाराचा शब्द झाला आणि आज बोलताना मूळचा नकारार्थी ‘न’ गाळून एकटा ‘पा’ पुरतो. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये या फिरत्या चक्राची मांडणी केली.

कोणता शब्द या वाटेवर कुठवर आला आहे हे घरबसल्या तपासता येतं. आधी ‘भर’ लावून पाहा: रतीभर, तसूभर चालतं, ‘शष्पभर’ कोणी म्हणत नाही. म्हणजे शष्पातला मापाचा अर्थ पुसला गेला आहे. मग ‘नाही’ काढा. ‘तसूभर हलला’ म्हटलं तर तो थोडा का होईना हलला. ‘शष्प हलला’ म्हटलं तर ढिम्म. ‘डोंबल’ तर ‘नाही’शिवायच जास्त शोभतो: ‘तुला काय डोंबल कळतंय!’ ग्वाल्हेर-इंदूरकडे कानावर पडणारा हिंदीतला ‘घंटा’ही तसाच. मात्र हा नकार सुरावर उभा असतो. ‘डोंबल कळतं’ सपाट स्वरात वाचलं तर वाक्य अर्धवट वाटतं, आणि ‘नाही’ शोधून वाक्य नकारार्थी ठरवणारं यंत्र हमखास फसतं. माणसांचीही एक चूक होते. शष्पाचा शरीराशी असलेला संबंध तरुणांना ठाऊक नसतो, वडीलधाऱ्यांना असतो. घरातल्या मोठ्यांसमोर ‘काडीचंही’ म्हणावं, काम तेच होतं.

गुणपत्रिकेवरचा ‘भोपळा’ मात्र या कुळातला नाही. तो आकड्याच्या आकारावरून आला आणि त्यासाठी शून्य गोल लिहिलं जायला हवं. बख्शाली हस्तलिखित या गणितावरच्या जुन्या पोथीत शून्य नुसता ठिपका आहे. गोल शून्य पाहायचं तर ग्वाल्हेर किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढावर, खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरात जावं. तिथल्या संवत 933 च्या, म्हणजे इसवी सन 876 च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी 270 हात लांब, 187 हात रुंद जमीन आणि रोजच्या 50 माळांची व्यवस्था नोंदवली आहे. 270 आणि 50 मधली शून्यं लहानशी, पण चांगली वाटोळी आहेत.

या गोल शून्यावरून आलेल्या भोपळ्यावर ‘नाही’ची परीक्षा उलटी लागते. शष्प मिळालं काय, शष्प मिळालं नाही काय, हात रिकामाच. ‘भोपळा मिळाला नाही’ म्हटलं तर निदान एक गुण तरी मिळालेला असतो, आणि फलंदाजानं भोपळा फोडला म्हणजे पहिली धाव निघाली. भोपळा अजून मोजता येणारी वस्तू आहे, म्हणून त्याला नकार देता येतो.