नाताळचा गोठा

येशू ख्रिस्ताच्या जन्माचा प्रसंग मूर्ती, बाहुल्या किंवा क्वचित जिवंत माणसे व जनावरे यांच्या साहाय्याने मांडून दाखविण्याची ख्रिस्ती, विशेषतः कॅथलिक, परंपरा. चर्च, चौक व घर अशा तिन्ही ठिकाणी गोठा मांडला जातो. मात्र कुटुंबातील नाताळाचे बरेचसे लहानमोठे विधी घरगुती गोठ्याभोवतीच वाढलेले दिसतात.

गोठ्यात बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढपाळ, देवदूत, तीन राजे, तारा, बैल आणि गाढव अशी पात्रे असतात. ही मांडणी बायबलमधील कोणत्याही एका वृत्तांतातून जशीच्या तशी उचललेली नाही. गव्हाण व मेंढपाळ लूककृत शुभवर्तमानात येतात, तर तारा व पूर्वेकडील ज्ञानी पुरुष मत्तयकृत शुभवर्तमानात. मत्तय या पुरुषांची संख्या देत नाही. सोने, ऊद व गंधरस या तीन भेटींवरून ती तीन ठरली आणि त्यांना राजेपण परंपरेने पुढे दिले. बैल आणि गाढव तर चारही शुभवर्तमानांत कोठेच नाहीत. ‘बैल आपल्या धन्याला व गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतो’ या आशयाच्या यशयाच्या वचनाशी (१:३) त्यांचा संबंध जोडला जातो. गव्हाणीजवळ ही दोन जनावरे ४ थ्या शतकातील दगडी शवपेटिकांवर कोरलेली आढळतात. ज्या लॅटिन अप्रमाण ग्रंथातून त्यांना लिखित आधार मिळाला, तो ‘मत्तय’ याच्या नावावर मोडतो. त्याचा काळ सामान्यतः ६ वे ते ७ वे शतक मानतात, काही जण तो आणखी अलीकडे आणतात. काहीही असले तरी शिल्प आधीचे आणि ग्रंथ नंतरचा, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

गोठ्याच्या उगमाविषयी सर्वांत प्रचलित मत असे की, असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ च्या नाताळात मध्य इटलीतील ग्रेच्चो या गावी पहिला गोठा मांडला. याचा मूळ आधार म्हणजे चेलानोचा थॉमस याने १२२८–२९ च्या सुमारास लिहिलेले फ्रान्सिस यांचे पहिले चरित्र. त्यानुसार सणाच्या सुमारे पंधरवडाभर आधी फ्रान्सिस यांनी ग्रेच्चोच्या जॉन नावाच्या गृहस्थाला तयारी करायला सांगितले. गव्हाण आणली गेली, तिच्यात गवत पसरले गेले, बैल व गाढव आणून उभे केले गेले, आसपासची माणसे मशाली व मेणबत्त्या घेऊन जमली आणि गव्हाणीवर मिस्सा (ख्रिस्ती उपासनाविधी) अर्पण झाला. डीकन (धर्मगुरूच्या खालचा धर्मसेवक) असलेल्या फ्रान्सिस यांनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले. पुढे या गवताने गुरांची दुखणी बरी झाली व अडलेल्या बायकांची सुटका झाली, असेही थॉमस नोंदवतो.

हा वृत्तांत बारकाईने वाचला तर त्यात मूर्तींचा उल्लेख नाही, मरिया व योसेफ यांची सोंगे घेतलेली माणसे नाहीत आणि प्रत्यक्ष बाळही नाही. रिकाम्या गव्हाणीत एक निपचित बाळ पडले आहे आणि फ्रान्सिस त्याला जागे करीत आहेत, असे तेथील एका सत्पुरुषाला दिसले, एवढेच म्हटले आहे. सुमारे १२६० नंतर बोनाव्हेंतुरा यांनी लिहिलेल्या चरित्रात, लोकांनी या प्रकाराला नवलाई समजू नये म्हणून फ्रान्सिस यांनी आधी पोपची परवानगी घेतली, ही भर पडते. चर्चमधील नाट्यप्रयोगांविषयी त्या काळी असलेली नाराजी या भरीमागे असावी, असे काही अभ्यासक मानतात. असिसीच्या बॅसिलिकातील भित्तिचित्रात तर हा प्रसंग थेट चर्चच्या अंतर्भागात, वेदीजवळ घडताना दाखविला आहे. हे चित्र परंपरेने इटालियन चित्रकार जॉत्तो याच्या नावावर आहे, पण त्याच्या कर्तृत्वाविषयी एकमत नाही.

ग्रेच्चोच्या आधीची पूर्वपीठिकाही मोठी आहे. बेथलेहेम येथे जन्माची गुहा दाखविली जात असल्याचा उल्लेख ३ ऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ऑरिजेन याने केला आहे. रोममधील सांता मारिया माज्जोरे हे चर्च ७ व्या शतकापासून ‘गव्हाणीची मरिया’ या नावाने ओळखले जाई आणि गव्हाणीच्या लाकडाचे मानले जाणारे अवशेष तेथे आजही जपलेले आहेत. ११ व्या शतकापासून नाताळच्या उपासनेत मेंढपाळांच्या गव्हाणभेटीचे छोटे गेय नाट्य होत असे. यावरून ग्रेच्चोचा प्रसंग हा उगम नसून, आधीच प्रचलित असलेल्या भक्तिप्रकाराला लोकांमध्ये नेणारे वळण होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. फ्रान्सिस यांच्या संघातील (फ्रान्सिस्कन) पहिले पोप चौथे निकोलस यांच्या काळात आर्नोल्फो दी काम्बियो याने याच रोमन चर्चसाठी घडविलेली संगमरवरी शिल्पे (सु. १२९१) हा उपलब्ध गोठ्यांपैकी सर्वांत जुना म्हणून दाखविला जातो. बोलोन्याच्या सांतो स्तेफानो येथील राजांच्या दर्शनाचा लाकडी शिल्पसमूहही १३ व्या शतकाच्या उत्तरार्धातील असून, अग्रमान त्याला देणारेही आहेत.

आज घरोघरी दिसणाऱ्या सुट्या, हलविता येणाऱ्या मूर्तींच्या गोठ्याचा वंश मात्र ग्रेच्चोपेक्षा १६ व्या शतकातील जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाची) चर्च आणि इटलीतील सरदार घराणी यांच्याशी जवळचा आहे. प्राग येथील जेझुइटांचा १५६२ चा आणि म्युनिकच्या सेंट मायकेल चर्चमधील १६०७ चा गोठा यांचा या संदर्भात वारंवार उल्लेख होतो. अमाल्फीच्या डचेसच्या मालमत्तेच्या १५६७ मधील यादीत पेट्यांत ठेवलेल्या गोठ्याच्या मूर्ती नोंदविलेल्या आहेत, व घरगुती गोठ्याचा पहिला पुरावा म्हणून ती दाखविली जाते. १८ व्या शतकात नेपल्समध्ये बूर्बोन राजा चार्ल्स याच्या दरबारी आश्रयाने ही कला कळसाला पोचली. तेथील मूर्तींचे डोके भाजलेल्या मातीचे, हातपाय लाकडाचे आणि धड तारेवर ताग गुंडाळून केलेले असे. त्यामुळे मूर्ती हवी तशी वाकविता येई आणि तिला खऱ्या रेशमाचे कपडे शिवता येत. जुझेप्पे सानमार्तीनोसारखे नामांकित शिल्पकारही या मूर्ती घडवीत. ख्रिस्तजन्माभोवती मासळीवाले, खानावळी, भाजीच्या टोपल्या व भिकारी यांची इतकी गर्दी होई की, मूळ प्रसंग शोधावा लागे. सान मार्तीनो संग्रहालयातील कुचिनिएल्लो संग्रह या शैलीचा उत्तम नमुना आहे. सान ग्रेगोरिओ आर्मेनो या गल्लीत मूर्तिकारांची दुकाने अजूनही चालू आहेत.

गोठा सामान्य घरांत शिरला त्याला सत्तेचा विरोधही कारण झाला, हे थोडे गमतीचे आहे. सम्राट दुसरा जोसेफ याने १८ व्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील चर्चमधल्या गोठ्यांवर निर्बंध घातले, तेव्हा ते लोकांच्या घरांत आले. फ्रेंच क्रांतीत चर्च बंद झाल्यावर दक्षिण फ्रान्समधील प्रॉव्हान्समध्येही असेच घडले. मार्सेचा झां-लुई लान्येल (१७६४–१८२२) याने साच्यातून काढलेल्या स्वस्त मातीच्या मूर्तींनी गरिबाच्या घरी गोठा आणला. तेथे ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू भिजत घालतात आणि नाताळपर्यंत उगवलेले हिरवे रोप गोठ्याजवळ ठेवतात. प्रॉटेस्टंट पंथांनी मूर्तींना असलेल्या आक्षेपामुळे गोठ्याला दीर्घकाळ दूर ठेवले. मोरेव्हियन हा प्रॉटेस्टंट पंथ त्यास ठळक अपवाद होय.

घरगुती विधींपैकी सर्वांत व्यापक विधी गव्हाण रिकामी ठेवण्याचा. आगमनकाळात (नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांत) गोठा मांडला तरी बाळाची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत ठेवीत नाहीत, आणि पुष्कळ कुटुंबांत ती ठेवण्याचा मान सर्वांत धाकट्या मुलाचा असतो. तोवर मुलांनी एखादे चांगले काम केले की गव्हाणीत गवताची एक काडी टाकावयाची, अशीही पद्धत आहे. राजांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर किंवा खिडकीत, उभे करून रोज थोडे थोडे पुढे सरकवितात व ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोठ्यात पोचवितात. कॅटलोनियात एका कोपऱ्यात शौचास बसलेल्या शेतकऱ्याची मूर्ती लपविलेली असते आणि ती हुडकून काढणे हा पोरांचा आवडता उद्योग असतो. या मूर्तीचे समर्थन जमिनीच्या सुपीकतेने करतात, पण ते मागाहून सुचलेले दिसते.

भारतात ही प्रथा पोर्तुगीज काळातील मिशनऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली असावी. ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणातून (१६१६) आली, परंतु घरगुती गोठ्याचा प्रसार त्यानंतर बराच झाला असावा. गोव्यात त्याला गोठो म्हणतात. गोवा व वसई परिसरात पेंढा, झावळ्या, बांबू, माती आणि चुरगळून डोंगरासारखा उभा केलेला खाकी कागद हे नेहमीचे सामान असते. हिरवळीसाठी नाचणी, भात किंवा गहू आठदहा दिवस आधी पेरतात. या तंत्राचे मुलांच्या दिवाळीतील अळीव पेरलेल्या किल्ल्याशी असलेले साम्य उघड आहे, तथापि त्यावरून देवाणघेवाणीचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. दारावर कागदी चांदणी टांगतात. वसईतील गावांतून तरुण मंडळे मोठे देखावे उभारतात आणि सहकुटुंब गोठे पाहत हिंडणे हा तेथील सुटीचा भाग झाला आहे. गोव्यात रेइश मागुश, कांसावली व चांदर येथे ६ जानेवारीला तीन मुलगे राजांचा वेष करून मिरवणुकीने चर्चला जातात.

गोठा आवरण्याचा दिवस सर्वत्र सारखा नाही. बहुतेक ठिकाणी तो तीन राजांच्या सणानंतर किंवा येशूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारनंतर काढतात. मेक्सिकोत मात्र २ फेब्रुवारीला बाळाच्या मूर्तीला नवे कपडे घालून चर्चमध्ये नेतात, आणि ६ जानेवारीच्या गोड पावात दडविलेली छोटी बाहुली ज्याच्या वाट्याला आली असेल त्याने त्या दिवशी सर्वांना तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) खाऊ घालावयाचे असतात.