मालदीवला आपला कांदा का जातो? थोडी पार्श्वभूमी

एप्रिल २०२४ ची गोष्ट. कांद्यावर ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी, निफाडकडं लिलावात भाव पडलेले, ट्रॉली खाली करून आलेला माणूस घरी कोणाशी बोलायचा नाही, आणि तेवढ्यात बातमी आली की मालदीवला मात्र ३५,७४९ टनांपर्यंत कांदा द्यायला परवानगी मिळाली. काका लगेच म्हणाले, अरे जानेवारीत तर मालदीवला फिरायला जायचं नाही म्हणून आपल्याकडं बायकॉट चाललेला ना, मग हे काय? प्रश्न रास्तच होता.

आधी कोट्याचं सांगतो. १९८१ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार करार झाला, तेव्हापासून तांदूळ, पीठ, साखर, बटाटे, अंडी, कांदा असं जीवनावश्यक सामान ठरवून दिलं जातं, आपल्याकडं बंदी असली तरी. कारण तिथं पिकवायला जागाच नाही. बाराशेच्या आसपास बेटं, त्यातली दोनशेच्या आतबाहेर वस्तीची, जमीन म्हणजे प्रवाळाची वाळू, आणि सगळ्यात उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरच्या आत, म्हणजे आपल्या कांदाचाळीपेक्षा बुटकी.

मग एवढ्याशा देशामागं मोठे देश का लागतात? बेटांची माळ उत्तर-दक्षिण पसरलीये आणि आखातातून पूर्वेकडं जाणारी तेलाची जहाजं तिच्या जवळून जातात, म्हणून. सगळ्यात दक्षिणेला अड्डू हा बेटांचा समूह, तिथं गान नावाचं बेट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथं तळ केला, पुढं विमानदल बसवलं. तळावर अड्डूच्या लोकांना रोजगार मिळायला लागला, राजधानी मालेच्या सरकारशी खटके उडाले, आणि १९५९ मध्ये दक्षिणेकडच्या बेटांनी चक्क वेगळा देश जाहीर केला, तो १९६३ पर्यंत टिकला. देश स्वतंत्र झाला २६ जुलै १९६५ ला, पण ब्रिटिश गानवरून गेले १९७६ मध्ये. आणि दुसऱ्याच वर्षी सोव्हिएत रशियानं वर्षाला १० लाख डॉलर देतो म्हणून तेच बेट भाड्यानं मागितलं. तिथून साताठशे किलोमीटरवर दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ, म्हणजे शीतयुद्ध थेट दारात. राष्ट्राध्यक्ष इब्राहिम नासिर नाही म्हणाले. गरीब देशानं एवढा पैसा नाकारला, मला तर मालदीवच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

३ नोव्हेंबर १९८८ ला भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी मालेत बंड केलं तेव्हा त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि आग्र्याहून निघालेले आपले पॅराट्रूपर त्याच रात्री हुलहुलेला, म्हणजे मालेजवळच्या विमानतळाच्या बेटावर उतरले. डिसेंबर २०१४ मध्ये मालेचा पाणी गोडं करायचा प्लांट जळाला तेव्हा आपण विमानानं, जहाजानं पिण्याचं पाणी पोचवलं. पण त्याच्या तीनच महिने आधी शी जिनपिंग येऊन गेले होते, आणि २०१८ मध्ये माले ते विमानतळ जोडणारा पूल चीनच्या मदतीनं उभा राहिला. त्या काळात घरबांधणी आणि पायाभूत सुविधा खात्याचे मंत्री होते मोहम्मद मुइझू.

तेच मुइझू २०२३ मध्ये 'इंडिया आउट'वाल्या आघाडीकडून राष्ट्राध्यक्ष झाले, आपले ऐंशीच्या आसपास सैनिक परत न्या म्हणाले. हे सैनिक काय करत होते तर दोन ध्रुव हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान सांभाळत होते, लांबच्या बेटावरचा पेशंट मालेला आणायला मुख्यतः तीच उपयोगी पडायची. १० मे २०२४ च्या आत सैनिक निघाले, पण त्यांच्या जागी एचएएलचे, म्हणजे विमानं बनवणाऱ्या आपल्या सरकारी कंपनीचे सिव्हिलियन टेक्निशियन बसले. (एचएएल म्हटलं की आपल्याला ओझर आठवतं, पण डॉर्नियर कानपूरचं आणि ध्रुव बंगळूरुचं.)

म्हणून काकांना मी म्हटलं, हा देश इकडं झुकला तिकडं झुकला असं मोजू नका, त्यांना पूल पण लागतो आणि कांदा पण. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझू दिल्लीला आले, ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची, म्हणजे आपलं चलन ठेवून आपल्याकडून डॉलर-रुपये घ्यायची सोय घेऊन गेले. आणि जुलै २०२५ मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाला मोदी पाहुणे म्हणून गेले तेव्हा विमानतळावर घ्यायला मुइझू स्वतः आले होते, मंत्र्यांना सोबत घेऊन.